शशकरक्षण आणि वन्यजीवांचे मोल

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी सशास अभय दिल्याची लीळा पंथीय वाचकांस परिचितच आहे. कुत्री पाठीस लागलेला ससा धावत येऊन स्वामींच्या जानूखाली दडला. मागोमाग पारधी आले. तो ससा होडेचा, म्हणजे पैजेचा, असल्यामुळे त्यांनी तो मागितला. स्वामींनी शरणागतास सोडले नाही. पारध्यांस जीवदयेचा विचार निरूपिला, आणि त्यांनी हिंसा सोडली.

या लीळेत ससा एकच आहे, परंतु त्याचे मोल दोन आहेत. पारध्यांच्या लेखी तो पैजेचे साधन, तर स्वामींच्या लेखी तो जीव. मनुष्याची कृती त्याने मनात ठरविलेल्या मोलास अनुसरते. म्हणून मोल पालटल्यावाचून कृती टिकाऊपणे पालटत नाही.

हाच विचार बिबट्याच्या उदाहरणास लावून पाहू. संस्थानिकांच्या व इंग्रजांच्या काळी बिबट्या हे शिकारीचे भूषण होते. पारध्यांच्या होडेचेच ते मोठे रूप. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने ही दृष्टी अमान्य केली, आणि आज बिबट्या त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तथापि संरक्षण कशाला म्हणावे, याविषयी मतभेद उरलाच.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात धरणांच्या पाण्यावर ऊस वाढला. दाट उसात बिबट्यास आडोसा मिळाला आणि गावातील कुत्री, शेळ्या, वासरे हे त्याचे भक्ष्य झाले. २००१ पासून तेथील बिबटे मोठ्या संख्येने पिंजऱ्यात धरून दूरच्या रानात सोडण्यात आले. हेतू दयेचाच होता; मारण्याऐवजी हलवावे, असा. परंतु पुढे झालेल्या अभ्यासात असे दिसले की, मनुष्यांवरील हल्ले वर्षास सरासरी ४ होते, ते या काळात १७ पर्यंत वाढले. पकडण्याचा त्रास झालेला प्राणी अनोळखी मुलखात सोडला जातो, आणि त्याच्या रिकाम्या जागी दुसरा येतो. म्हणजे या उपायाच्या मुळाशीही एक मोल होते : गाव सर्वस्वी मनुष्याचे, व बिबट्या तेथे परका.

याच्या उलट दृष्टी पालघर व ठाणे भागातील वारली समाजात आढळते. तेथे वाघोबाची ठाणी आहेत, आणि बिबट्यालाही वाघोबाचेच रूप मानतात. आपल्या पंथास देवतापूजा मान्य नाही. परंतु या भूमीत दुसऱ्या जीवाचाही वाटा आहे, ही त्या श्रद्धेमागील जाणीव विचारार्ह आहे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात तर दाट वस्तीच्या शेतीभागातही बिबटे नांदत असल्याचे अभ्यासकांनी दाखविले आहे.

येथे कोणी आक्षेप घेईल : ज्याची गोठ्यातील गाय गेली, ज्याच्या घरचे मूल उसाच्या कडेला गेले, त्यास दया सांगणे सोपे, सांगणारा शहरात सुरक्षित असतो. हा आक्षेप खरा आहे, व त्यास टाळून उत्तर देता येत नाही. शेतकऱ्याचे भय हे अज्ञान नव्हे. जीवदयेचा सर्व भार एकट्या त्याने वाहावा, असे म्हणणे हीदेखील हिंसाच होय.

याचे उत्तर लीळेतच आहे. स्वामींनी पारध्यांचा धिक्कार केला नाही. त्यांच्याशी संवाद केला. तद्वत् संरक्षणाचा आरंभ ज्यांचे नुकसान होते त्यांच्याशी बोलून व्हावा. पशुहानीची शासकीय भरपाई विनाविलंब हाती पडावी. गोठे रात्री नीट बंद होतील असे बांधावेत, अंगणात दिवा असावा, तिन्हीसांजेनंतर लेकरे उसाजवळ एकटी नसावीत. जो बिबट्या वारंवार मनुष्यावर येतो, त्याचा बंदोबस्त शासनाने कायद्याप्रमाणे करावा. पण केवळ दिसला म्हणून प्रत्येकास धरू नये.

तात्पर्य, कायदा हात आवरू शकतो. मोल पालटते ते निरूपणाने व न्यायाने. पारध्यांनी ससा सोडला तो भयाने नव्हे, तर तो जीव आहे हे पटल्यामुळे. साधकाने स्वतःस विचारावे : मी ज्यास उपद्रव म्हणतो, त्याचे मोल मी कशावरून ठरविले?