गोवळकोटचे लग्न

माझ्या दादीची धाकटी बहीण गोवळकोटला राहते. आम्ही तिला छोटी दादी म्हणतो. गोवळकोट हे चिपळूणजवळ, वाशिष्ठीच्या खाडीकाठी वसलेले जुने बंदर आहे. डिसेंबर महिन्यात छोट्या दादीच्या नातीचा, म्हणजे आमच्या आपाचा, निकाह ठरला.

कोकण रेल्वेची तिकिटे मिळाली नाहीत. म्हणून अब्बांनी भाड्याची जीप ठरवली. मुंबईहून चिपळूण सुमारे २५० किलोमीटर आहे. "अम्मा, तुमचे गुडघे दुखतात. तुम्ही घरीच थांबा," असे अब्बा दादीला म्हणाले. दादी काही बोलली नाही. तिने एका कापडी पिशवीत काहीतरी ठेवले आणि ती दाराजवळ जाऊन बसली. अब्बा हसले. दादीही आमच्याबरोबर निघाली.

फजरची नमाज पढून आम्ही मुंब्रा सोडले. पनवेल, पेण, वडखळ ही गावे मागे पडली. भाईजान सामान मागे ठेवत होता, तेव्हा दादीने आपली पिशवी त्याला दिली नाही. ती तिच्या मांडीवरच होती.

माणगावला वाहनांची लांबच लांब रांग लागली होती. आमची जीप दीड तास जागची हलली नाही. निकाह असरच्या नमाजेनंतर होता. अम्मी पुन्हा पुन्हा घड्याळ पाहू लागली. तेव्हा दादीने आम्हांला तिच्या लहानपणीच्या प्रवासाची हकिगत सांगितली. त्या काळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून बोटी सुटत. बोटीने दाभोळला उतरायचे आणि तेथून लहान होडीने खाडीतून गोवळकोट गाठायचे. भरतीची वाट पाहावी लागे. "समुद्रात मळमळत असे, पण अशी रांग नव्हती!" दादी म्हणाली.

महाड सोडल्यावर सावित्री नदीचा पूल लागला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री येथील ब्रिटिशांच्या काळातील जुना पूल पुरात वाहून गेला. दोन एस.टी. गाड्या आणि इतर वाहने नदीत पडली. अनेक प्रवाशांचा अंत झाला. २०१७ साली तेथे नवा पूल सुरू झाला. पूल ओलांडताना अब्बांनी दुआ मागितली. जीपमध्ये कोणीच बोलले नाही.

पुढे कशेडीचा डोंगर लागला. आता त्यातून बोगदा काढला आहे, त्यामुळे घाटाची वळणे टळली. खेड गेले. परशुराम घाटातून खाली वाशिष्ठी दिसू लागली, तशी दादी सरसावून बसली.

आम्ही पोहोचलो तेव्हा असरची अजान होत होती. दादी कोणाशी न बोलता थेट आपाच्या खोलीत गेली. तिने पिशवीतून जरीची लाल ओढणी काढली. तिचा रंग थोडा उतरला होता. दोघी बहिणींच्या लग्नात त्यांच्या आईने त्यांना अगदी सारख्या ओढण्या दिल्या होत्या. "माझ्या निकाहाला मी तुझीच ओढणी घेणार," असे आपा लहानपणापासून छोट्या दादीला म्हणत असे. पण २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीला महापूर आला. छोट्या दादीच्या घरात पाणी शिरले आणि तिची पेटी चिखलाने भरली. ओढणी हाती लागली ती फाटूनच.

छोटी दादी त्या ओढणीवरून हात फिरवत राहिली. मग दोघींनी मिळून ती आपाच्या डोक्यावर घातली. थोड्याच वेळात वकील आणि दोन साक्षीदार आपाची संमती विचारायला आले. बाहेर काझीसाहेबांनी निकाह पढवला. खजूर वाटले गेले.

रात्री बायकांनी कोकणी बोलीत लग्नाची गाणी म्हटली. ही बोली मराठीला फार जवळची आहे. शाळेत मराठी शिकत असल्यामुळे मला बरेचसे कळले. भाईजानला मात्र मीच अर्थ सांगत होते!

दुसऱ्या दिवशी वलीमा झाला. आम्ही जीपमध्ये सामान ठेवले. दादी ओट्यावरून उठलीच नाही. "तुम्ही निघा," ती अब्बांना म्हणाली, "मी पंधरा दिवसांनी रेल्वेने येईन."

स्वाध्याय
१. दादीने पिशवी मांडीवरच का ठेवली असेल?
२. पूर्वीचा व आताचा गोवळकोटचा प्रवास यांत कोणता फरक आहे?
३. तुमच्या घरातील एका जुन्या वस्तूविषयी पाच वाक्ये लिहा.