‘मी एक रुपया खाल्ला नाही’

गलोंडा



सिलवासाहून येताना जीपमध्ये मागच्या बाकावर आपल्याच पाड्यातली माणसं बोलत होती. ठेकेदाराचा नवा मुकादम कोऱ्या पगारपत्रकावर अंगठे घेतो, हातावर कमी पैसे ठेवतो आणि आकडा मागाहून भरतो. कोण रे तो, तर म्हणे ‘मास्तरांचा भाचा’. मान वर करायची सोय राहिली नाही.

फोनवर विचारलं तर तू हसलास. म्हणे, “मामा, ह्याला चीटिंग नाही म्हणत. वरचे सांगतात तसं ॲडजस्ट करतो. मी एक रुपया खाल्ला नाही.”

बाबा रे, कायद्यात ‘डिसऑनेस्टली’ असा शब्द आहे. जुन्या दंडसंहितेच्या कलम २४ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेतही आहे. एकाला गैरलाभ व्हावा किंवा दुसऱ्याचं गैरनुकसान व्हावं, या हेतूनं केलेलं काम. त्यातला ‘किंवा’ बघ. लाभ तुझ्याच खिशात पडायला हवा असं कुठं म्हटलंय? फसवणुकीचं कलम ४२० जाऊन ३१८ आलं, पण सात वर्षांपर्यंतची कैद तशीच आहे.

कैदेचं राहू दे. मला त्या अंगठ्यांची धास्ती आहे. पलीकडे तलासरीकडे वारली माणूस लग्नाच्या कर्जापायी जन्मभर राबायचा, लग्नगडी म्हणत त्याला. १९४५ साली ही माणसं गोदावरी परुळेकरांबरोबर उठली. आपल्याकडे १९५४ साली पोर्तुगीज गेले, १९७१ साली जमीनसुधारणेचा कायदा आला. तरी आपलं नदीकाठचं शेत कसं गेलं, ते आईनं तुला सांगितलं असेलच. मी तिथंच उभा होतो. आजोबांच्या अंगठ्याच्या रेषांत माती होती, ठसा उठेना, म्हणून सावकारानं पुन्हा शाई लावून दाबला. मी चौथीत होतो, मला वाचता येत होतं. ‘थांबा, मी वाचतो’ एवढं तोंडातून निघालं नाही. त्या सावकाराच्या कारकुनानंही एक रुपया खाल्ला नसेल.

आता पगारपत्रक तुझ्या हातात आहे. आधी आकडा भर, वारलीत मोठ्यानं वाचून दाखव, पैसे मोजून दे, मग अंगठा घे. ठेकेदाराला चालत नसेल तर ते काम सोड.

जास्तच लागेल असं लिहिलं गेलं. आईचं औषध, गाडीचा हप्ता, सगळं तुझ्या एकट्याच्या डोक्यावर आहे, हे का मला ठाऊक नाही? नोकरी गेली तर दुसरी मिळेपर्यंत हप्ता माझ्या पेन्शनीतून भरू. आईला यातलं काही कळवलेलं नाही. रविवारी ये, मामी नागलीच्या भाकरी करणार आहे. जे असेल ते खरं सांग. मी ओरडणार नाही. ओरडलोच, तर मामी तुझ्याच बाजूनं आहे.

तुझा मामा