जबड्याखालील सैल त्वचा : उपचार, खर्च आणि एक निर्णय

अहवाल वर्षात आमच्या एका हितचिंतक देणगीदारांनी विश्वस्त मंडळापुढे एक प्रस्ताव ठेवला. गालाची व हनुवटीखालची सैल त्वचा ध्वनिलहरींच्या उष्णतेने घट्ट करणारे यंत्र रुग्णालयास भेट द्यावे व त्याच्या उत्पन्नातून गरीब रुग्णांचा खर्च भागवावा, अशी त्यांची कल्पना होती. हेतू निर्मळ होता. तथापि होकार देण्यापूर्वी विषय समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटले. आम्ही वाणिज्य शाखेचे. वैद्यकीय बाजू आमच्या डॉक्टरांकडून जाणून घेतली, हिशेब मात्र आमचा आहे.

वयोमानानुसार त्वचेतील कोलॅजन व इलॅस्टिन हे तंतू क्षीण होतात, गालातील चरबी खाली सरकते आणि जबड्याचे हाडही झिजते. दात पडून गेलेल्यांमध्ये ही झीज अधिक असते. त्यात दिवसभराचे शेतातील ऊन व विडी-सिगारेट यांची भर पडते. झपाट्याने वजन घटले तरी त्वचा लोंबू लागते. अशा वेळी त्वचेपेक्षा वजन का घटले याचा शोध आधी घ्यावा लागतो.

उपचारांविषयी जाहिराती फार बोलतात. लोंबलेली त्वचा कोणत्याही मलमाने वर उचलली जात नाही. ध्वनिलहरी वा रेडिओलहरींच्या यंत्रांचा परिणाम सौम्य असतो, दोन-तीन महिन्यांनी दिसतो व कालांतराने ओसरतो. त्वचा फार सैल असल्यास तो जवळजवळ जाणवतच नाही. अननुभवी हातांनी भाजल्यास आपल्याकडील सावळ्या वर्णावर काळे डाग राहतात. त्वचेखालून विरघळणारे धागे ओवून ती ताणण्याची पद्धतही अल्पकाळच टिकते. भरीव द्रव्याचे इंजेक्शन सोपे वाटते, परंतु ते चुकून रक्तवाहिनीत गेल्यास तेथील त्वचा मरते, क्वचित दृष्टीही जाते. खरा व दीर्घकाळ टिकणारा उपाय शस्त्रक्रियेचाच. कानाच्या पुढे-मागे छेद घेऊन त्वचा व तिच्याखालचा स्नायुपटल वर ओढून घेतात. या पटलाचे वर्णन मिट्झ व पेरोनी या फ्रेंच शल्यचिकित्सकांनी १९७६ साली केले. रक्त साचणे व ओठाचा कोपरा हलविणाऱ्या नसेस इजा होणे हे यातील धोके होत. धूम्रपान करणाऱ्यांची जखम रेंगाळण्याचा संभव अधिक असतो.

हे सारे श्रीमंतांचे चोचले, असे आमचे मत होते. ते एका बाबतीत बदलले. कुष्ठरोगाच्या एका प्रकारात चेहऱ्याची त्वचा गाठींनी फुगते. रोग बरा झाला की सूज उतरते आणि ऐन तारुण्यात चेहरा सुरकुतून लोंबतो. जंतू गेलेले असतात, पण बाजारातील माणसास तो चेहरा रोगच सांगतो. अशा रुग्णांसाठी त्वचा ओढण्याची हीच शस्त्रक्रिया पुनर्वसनाचा भाग ठरली. इंग्लंडमध्ये सर हॅरल्ड गिलीज यांच्याकडे शिकलेले डॉ. नोशीर अँटिया यांनी पुण्याजवळ कोंढव्यास व पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात कुष्ठरुग्णांचे हात व चेहरे सुधारण्यात मोठा काळ वेचला. दत्तपूर, तपोवन, आनंदवन ही नावे ज्या विदर्भात घरोघरी ठाऊक आहेत, तेथे चेहऱ्याची किंमत निराळी सांगावयास नको.

आता हिशेब. वैद्यकीय सेवेस वस्तू व सेवा कर माफ आहे, सौंदर्यशस्त्रक्रियेस नाही. जन्मजात व्यंग, विकासातील दोष, दुखापत वा आघात यांमुळे बिघडलेली रचना पूर्ववत करावयाची असल्यासच सूट मिळते. या यादीत रोग हा शब्द नाही, हे आम्हांस खटकते. आरोग्य विमाही केवळ रूप बदलण्याचा खर्च देत नाही. अपघात, भाजणे व कर्करोगानंतरची पुनर्रचना त्यास मान्य आहे. राहिला उत्पन्नाचा प्रश्न. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक खालील २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. म्हणजे शंभर रुपयांच्या देयकातून गरिबांच्या वाट्याची खात्री दोन रुपयांचीच. शिवाय या यंत्राचे काडतूस ठरावीक वापरानंतर बदलावे लागते, तो खर्च निराळाच.

विश्वस्तांनी प्रस्ताव सविनय नाकारला. देणगीदारांनी ती रक्कम वृद्धांच्या कवळ्यांकरिता देण्याचे मान्य केले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

एक चूक येथे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे. गत पावसाळ्यात एका मातेस त्यांचे चिरंजीव घेऊन आले. ‘आईचा गाल सकाळपासून खाली आला आहे’ असे त्यांनी सांगितले आणि आमच्या नोंदणी खिडकीने त्यांना त्वचारोगाच्या रांगेत बसविले. तो पक्षाघात होता. तासभर वाया गेला. मेंदूतील गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. सुदैवाने त्या वेळेत पुढील केंद्रात पोहोचल्या. तेव्हापासून चेहऱ्याची एकच बाजू अकस्मात उतरली असल्यास केसपेपर न काढता रुग्णास थेट अपघात विभागात न्यावे, अशी सूचना खिडकीवर लावली आहे.