६१७४ चा मूळ कागद

कागद-पेन्सिल घ्या आणि १९०५ ही संख्या लिहा. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडले की ९५१० मिळतात, चढत्या क्रमाने मांडले की ०१५९. वजाबाकी करा. ९३५१ आले ना? आता याच रीतीने पुढे चला. ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. आणखी एकदा करून पाहा, पुन्हा ६१७४ च येतात! चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सात पायऱ्यांच्या आत तुम्ही याच मुक्कामाला पोहोचता.

१९०५ मी मुद्दाम निवडली. ज्यांच्या नावाने हा स्थिरांक ओळखला जातो ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर त्या साली डहाणूला जन्मले. १९३० ते १९६२ ते आपल्या नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिक्षक होते.

हा शोध प्रथम कोठे छापला गेला? सोपा प्रश्न वाटतो, पण दोन-तीन पुस्तके उघडलीत तर गोंधळून जाल. कोणी १९४९ लिहितो, कोणी १९५३, तर कोणी १९५५. मी पदार्थविज्ञान शिकवतो. वाचन कोठून आले हे प्रयोगवहीत लिहिलेले नसेल तर मी सही करीत नाही. मग येथे तरी का सोडावे?

‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या अमेरिकन नियतकालिकात कापरेकरांचे लहान लहान लेख येत असत. एक संदर्भ पुष्कळ ठिकाणी असा आढळतो : ‘६१७४ या संख्येचा एक मनोरंजक गुणधर्म’ अशा अर्थाचे शीर्षक, खंड १५, पृष्ठे २४४-२४५, वर्ष १९५५. वरवर पाहता यात काही खटकत नाही. पण १९५३ चा खंड १९ वा आहे. वर्षाला एक खंड धरला तर १५ वा खंड १९४९ चा ठरतो आणि १९५५ चा २१ वा. म्हणजे या एका ओळीत दोन लेखांची सरमिसळ झाली आहे! १५ व्या खंडातील त्या पृष्ठांवरचा लेख ‘अनदर सॉलिटेअर गेम’, म्हणजे ‘एकट्याने खेळायचा आणखी एक खेळ’. ६१७४ हे नाव मिरवणारा लेख २१ व्या खंडात, पृष्ठ ३०४ वर आहे. शीर्षकात संख्या असल्यामुळे लोकांच्या लक्षात नंतरचा लेख राहिला असावा, आणि आधीच्याची पृष्ठे त्याला चिकटली. एकाने चूक केली की बाकीचे ती उतरून घेतात. परीक्षेत आम्ही अशी उत्तरपत्रिका चटकन ओळखतो.

१९४९ सालीच मद्रासच्या गणित परिषदेत कापरेकरांनी हा गुणधर्म सांगितला होता. जगभर त्यांचे नाव झाले ते मात्र मार्च १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा. मध्ये सव्वीस वर्षे गेली.

शोध एकाचा आणि कारण उलगडणारा दुसरा, असेही घडते. कापरेकरांचीच दुसरी गंमत घ्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. हे का घडते? १०० ला ९९ ने भागले तर बाकी १ उरते. म्हणून २०२५ ला ९९ ने भागताना वीस शेकड्यांचे वीस उरतात, त्यांत २५ मिळवले की बाकी ४५. आता फक्त बाक्यांचेच जग कल्पा. त्यात ० ते ९८ एवढ्याच संख्या, आणि बेरीज किंवा गुणाकार केला की ९९ ने भागून बाकी घ्यायची. अशा जगाला बीजगणितात ‘वलय’ म्हणतात. या वलयात ४५ चा वर्ग ४५ च! साध्या अंकगणितात हा मान फक्त ० आणि १ यांना आहे. अशा घटकांना इंग्रजी नाव दिले बेंजामिन पर्स यांनी, १८७० मध्ये.

येथे ४५ ला तो मान कसा मिळाला? ९९ = ९ × ११. ४५ ला ९ ने भाग जातो आणि ४४ ला ११ ने. म्हणून ४५ × ४४ ला ९९ ने नि:शेष भाग जातो. ४५ चा वर्ग आणि ४५ यांतील फरक हाच तर आहे. ९९, ९९९, ९९९९ अशा सर्व संख्यांसाठी हा धागा डग्लस इयानुची यांनी २००० साली पूर्ण उलगडून दाखवला. देवळालीच्या मास्तरांच्या पाटीवरचा खेळ वलयाच्या भाषेत गेला तो असा.

४५ चा जोडीदार ५५ : ३०२५, आणि ३० + २५ = ५५. दोघांची बेरीज १००, म्हणजे वलयात १. आता ९९९ = २७ × ३७ हे ध्यानात ठेवून तीन अंकी जोडी तुम्हीच शोधा. एक संख्या २७ च्या पाढ्यात असली पाहिजे, आणि तिच्याआधीची ३७ च्या.