‘फोर्ट स्टिकीन’ची अखेरची सफर

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनची असंख्य मालवाहू जहाजे बुडविली. जहाजांवाचून ब्रिटनला अन्न मिळणार नव्हते, की सैन्याला दारूगोळा. म्हणून कॅनडातील कारखान्यांत एकाच धाटणीची अनेक जहाजे झपाट्याने बांधण्यात आली. प्रिन्स रूपर्ट येथे १९४२ साली तयार झालेले ‘फोर्ट स्टिकीन’ हे वाफेचे जहाज त्यांपैकीच एक होय.

२४ फेब्रुवारी १९४४ रोजी हे जहाज इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघाले. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके, लढाऊ विमाने आणि सोन्याच्या विटांच्या ३१ पेट्या होत्या. वाटेत कराचीला जी जागा मोकळी झाली, तीत कापसाच्या हजारो गाठी, तेलाची पिंपे व लाकूड भरण्यात आले. कापूस चटकन पेटतो आणि आतल्या आत धुमसत राहतो. स्फोटकांजवळ त्याची जागा नव्हे, हे कप्तान नेस्मिथ जाणून होते. पण युद्धकाळात हातभर जागाही रिकामी ठेवणे परवडत नव्हते.

१२ एप्रिलला जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत शिरले. स्फोटके असलेल्या जहाजावर लाल निशाण लावण्याची रीत होती. ते निशाणही त्यावर नव्हते.

१४ एप्रिल रोजी दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या खणातून धूर येऊ लागला. आगीचे बंब धावून आले. सुमारे ९०० टन पाणी ओतले, तरी दाट धुरात आगीचे मूळ सापडेना. जहाज तेथेच बुडवावे की गोदीबाहेर न्यावे, याचा निर्णय वेळेवर झाला नाही. तीन वाजून पन्नास मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम सुटला; चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा, त्याहूनही भयंकर झाला. त्यांचा हादरा दूरच्या सिमल्यातील भूकंपमापकावर उमटला. जवळची जहाजे फुटली, गोदामे व वस्त्या पेटल्या. निरनिराळ्या अंदाजांप्रमाणे ८०० ते १,३०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते.

सोन्याच्या काही विटा पुढे अनेक वर्षांनी गोदीच्या गाळात सापडल्या. गेलेली माणसे मात्र परत आली नाहीत. एवढ्या मोठ्या अनर्थास एकच मोठी चूक कारणीभूत नव्हती. जागा वाचावी, वेळ वाचावा, म्हणून एकेक नियम बाजूला सारला गेला. त्याची किंमत मात्र नियम मोडणाऱ्यांनी नव्हे, तर कर्तव्यावर उभ्या असलेल्या जवानांनी आणि गोदीतील कामगारांनी दिली. त्या जवानांच्या स्मरणार्थ भारतात १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

स्वाध्याय
१. ब्रिटनला घाईने जहाजे का बांधून घ्यावी लागली?
२. कराचीला भरलेला माल धोक्याचा का होता?
३. ‘अनर्थास एकच मोठी चूक कारणीभूत नव्हती’, हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.