जुलाब थांबल्यानंतरचा आठवडा

माझ्या धाकट्या भावाचे जुलाब थांबले, ताप उतरला, वरण-भात जाऊ लागला आणि मग एका पहाटे त्याच्या छातीत कळ आली. पंचविशीतला मुलगा, ना बीपी ना शुगर. इथे इंदूरमध्ये, पलासियात घराजवळच्या दवाखान्यात ॲसिडिटीची गोळी मिळाली. दुखणं हटेना, म्हणून मोठ्या इस्पितळात नेलं. ईसीजी बिघडलेला, रक्तात हृदयाच्या इजेची खूण असलेलं ट्रोपोनिन वाढलेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "एवढ्यात पोट बिघडलं होतं का?" शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू निघाला. हृदयाच्या स्नायूला सूज आली होती, मायोकार्डायटिस. असं क्वचितच होतं, तरुण पुरुषांत जास्त दिसतं, आणि बहुतेक जण बरे होतात. आमचाही झाला. मात्र काही महिने जिम आणि धावणं बंद होतं.

2025 सरताना इथल्या भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं, माणसं दगावली. तेव्हापासून इंदूरकर पाणी उकळतात, पण पोट बरं झाल्यावरही धोका उरतो हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

मूत्रपिंडाचं तसंच. शिगेलाची एक जात आणि ई. कोलायच्या काही जाती विष सोडतात. त्याने मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते, तांबड्या पेशी फुटतात, प्लेटलेट घटतात. जुलाब सुरू झाल्यापासून साधारण आठवड्याने, पोट सावरत असतानाच हे दिसू लागतं, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना जास्त गाठतं. मोठेही सुटत नाहीत: 2011 साली जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून अशाच ई. कोलायची साथ पसरली, आठशेंहून अधिक जणांना हा विकार झाला आणि त्यांत बहुतेक प्रौढ होते. मोडाची मेथी आपल्याकडेही खातात. ती वाफवूनच खा.

जुलाबात मूत्रपिंड बिघडण्याचं त्याहून नेहमीचं कारण म्हणजे अंगातलं पाणी आटणं. ओआरएस पहिल्या जुलाबापासूनच सुरू करा. अंग दुखतं म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नका, कोरड्या पडलेल्या मूत्रपिंडाला ते झेपत नाही. शौचात रक्त असेल तर जुलाब बांधणारी गोळी नको. अँटिबायोटिकही मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नका. शिगेलात ते लागतं, त्या ई. कोलायमध्ये उलटू शकतं.

लघवी कमी किंवा लालसर, चेहरा पांढराफटक, डोळ्यांखाली सूज, अंगावर जांभळे ठिपके, छातीत दुखणं, धडधड, दम लागणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी जुलाब कधी सुरू झाले, रक्त पडलं होतं का, हे आधी सांगा. हिमोग्राम, क्रिएटिनिन, ईसीजी यांपैकी कुठल्या तपासण्या करायच्या ते त्या एका वाक्यावरून ठरतं.