फटफटी आणि परवाना

पुण्याच्या बाजूने कोल्हापुरात शिरताना कावळा नाक्यावर महाराणी ताराराणींचा अश्वारूढ पुतळा दिसतो. त्या पुतळ्याच्या भोवतीने दिवसभर माणसांचा लोंढा वाहत असतो, आणि त्यातील पुष्कळ माणसे आज दोन चाकांवर स्वार झालेली असतात. घोड्याची जागा यंत्राने घेतली. परंतु या दोन वाहनांत एक मोठा भेद आहे. घोड्याला स्वतःची अक्कल असते. पुढे खड्डा दिसला तर स्वाराचे लक्ष नसले तरी तो बहुधा आपण होऊन अडतो. मोटारसायकलीला डोळे नाहीत आणि भीतीही नाही. स्वाराने मूठ पिळली की ती धावते, मग पुढे मोकळा रस्ता असो, भिंत असो वा शाळेतून घरी निघालेले एखादे मूल असो. म्हणून तिच्यासाठी लागणारी सारी अक्कल स्वारालाच शिकून घ्यावी लागते.

या वाहनाचा जन्म फार जुना नाही. इ. स. १८८५ मध्ये जर्मनीतील गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी सांगाड्यावर एक लहानसे पेट्रोलचे इंजिन बसवले. गाडी कलंडू नये म्हणून तिला दोन्ही अंगांना एकेक छोटे चाक लावले होते. आजही लहान मुलांच्या सायकलीला आपण लावतो तसे. पुढे ही गाडी सुधारली, वेग वाढला आणि जगभर पसरली. आपल्याकडे ती आली तेव्हा तिच्या आवाजावरून लोकांनी तिला ‘फटफटी’ असे नाव दिले. नाव मोठे समर्पक होते. वयोवृद्ध माणसांच्या तोंडी ते अजून आहे, आणि ‘मोटारसायकल’ या लांबलचक शब्दापेक्षा ते कानाला गोडही लागते.

वाहने वाढली तसे अपघातही वाढले आणि सरकारांना नियम करावे लागले. इंग्लंडमध्ये १९०३ च्या कायद्याने वाहन चालवण्यासाठी परवाना आवश्यक झाला. मौज अशी, की तो मिळवण्यासाठी कसलीही परीक्षा द्यावी लागत नसे, आणि चौदा वर्षांचा मुलगासुद्धा मोटारसायकलीचा परवाना घेऊ शकत असे! शुल्क भरले की काम झाले. परीक्षा सक्तीची व्हायला तेथे १९३५ साल उजाडावे लागले. भारतात यासंबंधीचा पहिला देशव्यापी कायदा १९१४ मध्ये झाला, त्यानंतर १९३९ चा कायदा आला, आणि सध्या १९८८ चा मोटार वाहन कायदा लागू आहे. त्यात २०१९ मध्ये महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या.

या कायद्याप्रमाणे गिअरची मोटारसायकल किंवा नेहमीची स्कूटर चालवण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. इंजिनाची क्षमता ५० घन सेंटिमीटरपेक्षा जास्त नसेल, तर पालकांच्या लेखी संमतीने १६ व्या वर्षी परवाना मिळू शकतो. परंतु आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्कूटरींची इंजिने याच्या दुपटीहून मोठी असतात. त्यामुळे ‘सोळाव्या वर्षी स्कूटर चालते’ असे जे सर्रास सांगितले जाते, त्यात अर्धेच सत्य आहे.

आणि येथेच घरोघर एक प्रश्न उभा राहतो. आठवी-नववीतला मुलगा शिकवणीला उशीर होतो म्हणून वडिलांची गाडी मागतो. शेजारचा नेतो, मग मी का नको, असे त्याचे म्हणणे असते. आईचे मन द्रवते, वडील नाइलाजाने किल्ली देतात. मुलाला गाडी सावरता येते हे खरेही असेल. पण कायदा केवळ तेवढे पाहत नाही. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे त्याच्या पालकाला वा गाडीच्या मालकाला दोषी धरले जाते. २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कारावास अशी शिक्षा सांगितलेली आहे. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. हे आपल्या नकळत घडले, किंवा आपण ते रोखण्याचा पुरेपूर प्रयत्न केला होता, हे सिद्ध करण्याचा भार पालकावर असतो. किल्ली स्वतःच्या हाताने देणारा बाप ते कसे सिद्ध करणार? मुलाच्या दहा मिनिटांच्या हौसेसाठी घरातल्या कर्त्या माणसाला न्यायालयाची पायरी चढावी लागते.

अठरा वर्षे पूर्ण झाली, की प्रथम शिकाऊ परवाना काढावा लागतो. कोल्हापूरचे प्रादेशिक परिवहन कार्यालय ताराबाई पार्कात आहे. ‘एमएच ०९’ ही या कार्यालयात नोंदलेल्या वाहनांची ओळख आहे. शिकाऊ परवान्याचा अर्ज आता संगणकावरूनही भरता येतो. त्यासाठी एक छोटी परीक्षा असते आणि तीत निदान ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. तिचा मुख्य विषय म्हणजे रस्त्यावरील चिन्हे. ही चिन्हे म्हणजे एक लिपीच आहे, आणि तिचे व्याकरण फार सोपे आहे. लाल कडेचे वर्तुळ बहुधा मनाई सांगते, लाल कडेचा त्रिकोण पुढच्या धोक्याची सूचना देतो आणि निळा चौकोन माहिती पुरवतो. ही लिपी शिकण्यासाठी अठरा वर्षांचे होण्याची गरज नाही. सायकलीवरून वा पायी शाळेत जाणाऱ्यालाही ती वाचता यायला हवी.

शिकाऊ परवाना ६ महिने चालतो. तो मिळाल्यावर निदान ३० दिवस गेल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. या काळात गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हे अक्षर लावावे लागते, आणि शिकवणाऱ्या परवानाधारकाखेरीज कोणालाही मागे बसवता येत नाही. तीस दिवसांची ही अट पुष्कळांना निरर्थक वाटते. गाडी तर चार दिवसांत येते, असे ते म्हणतात. चार दिवसांत येते ते गाडी पुढे नेणे. ती थांबवायला शिकण्यास अधिक काळ लागतो.

जाणता शिक्षक शिष्याला पहिल्या दिवशी इंजिन सुरूच करू देत नाही. मोकळ्या मैदानात तो त्याला बंद गाडी हाताने ढकलत चालायला लावतो, वळवायला लावतो, स्टँडवर चढवायला व उतरवायला लावतो. गाडीचे वजन दीडशे किलोच्या आसपास असते. ते कोणत्या कोनापर्यंत आपल्याला पेलते हे अंगाला कळावे लागते. मग क्लचची पाळी येते. इंजिन सतत फिरत असते, चाक मात्र कधी फिरावे लागते आणि कधी थांबावे लागते. या दोघांना जोडणारा आणि सोडवणारा मध्यस्थ म्हणजे क्लच. नवशिका तो एकदम सोडतो. गाडी आचका देऊन बंद पडते, किंवा उसळून पुढे जाते. हळूहळू सोडला म्हणजे एक क्षण असा येतो, की गाडी सरकण्याच्या बेतात थरथरते. तो क्षण बोटांना ओळखता आला, की शिक्षणाचा निम्मा भाग संपला म्हणावा.

दुसरा निम्मा भाग ब्रेकचा. पुढचा ब्रेक दाबला तर गाडी उलटते, अशी एक समजूत आपल्याकडे खोल रुजली आहे, आणि म्हणून अनेक जण केवळ मागचा ब्रेक वापरतात. वस्तुस्थिती निराळी आहे. गाडी थांबू लागली की तिचा भार पुढच्या चाकावर येतो; बसमधील उभे प्रवासी ब्रेक लागताच पुढे झुकतात तसा. भार ज्या चाकावर जास्त, त्याची रस्त्यावरची पकडही जास्त. मागचे चाक त्या वेळी हलके झालेले असते. त्यावरच सारा जोर दिला तर ते घसरते. म्हणून गाडी सरळ असताना दोन्ही ब्रेक एकत्र, आणि हिसका न देता वाढत्या दाबाने लावावेत. वळणावर, वाळूवर किंवा खडीवर मात्र पुढचा ब्रेक करकचून दाबणे घातक ठरते. वेग वळणाच्या आधीच कमी करायचा असतो.

थांबायला जागा किती लागते, हे एका साध्या गणिताने पाहता येईल. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. समोर काही आडवे आले, तर ते दिसून हात ब्रेकवर दाबला जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. त्यानंतर दर सेकंदाला वेग ताशी १८ किलोमीटरने उतरतो असे धरले, तर आणखी १२ मीटर लागतात. एकूण २३ मीटर. आता वेग ६० करा. पहिल्या सेकंदात १७ मीटर जातात आणि थांबेपर्यंत आणखी २८. एकूण ४५ मीटर. वेग दीडपट झाला, पण थांबण्याची जागा जवळजवळ दुप्पट झाली! रस्ता ओला असेल तर हे अंतर आणखी वाढते.

वळण घेण्याची गंमत तर सायकलीवरही पाहता येते. वेगात असताना डावीकडे वळायचे असेल, तर स्वार नकळत हँडल आधी किंचित उजवीकडे ढकलतो. त्यामुळे गाडी डाव्या अंगाला कलते आणि मग डावीकडे वळते. विमानाचा शोध लावणारे विल्बर राइट हे मूळचे सायकली बनवणारे. ‘तुम्ही डावीकडे कसे वळता?’ असे ते अनेक सायकलस्वारांना विचारीत. पहिल्याच प्रयत्नात पूर्ण बरोबर उत्तर देणारा त्यांना एकही भेटला नाही. हात जे रोज करतात, ते डोक्याला ठाऊक नसते!

मैदानातील शिक्षण संपले की खरी शाळा रस्त्यावर भरते. प्रत्येक मुलखाच्या रस्त्याचे आपले असे धोके असतात. कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, की उसाने भरलेल्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात. अंधारात मागची ट्रॉली कित्येकदा दिसतच नाही. तिला दिवा नसला आणि चमकणारी पट्टीही नसली, तर मोटारसायकलस्वार थेट उसाच्या मोळीवर जाऊन आदळतो. दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग रात्री ठेवायचा, हा धडा येथे फार महाग किमतीला शिकला जातो. पावसाळ्यात शेतातून आलेली चिखलाची चाके डांबरी रस्त्यावर जो थर सोडून जातात, तो साबणासारखा निसरडा असतो. गगनबावड्याच्या वाटेवर धुके उतरते. आणि महाद्वार रोडच्या गर्दीत धोका वेगाचा नसून, अचानक उघडणाऱ्या मोटारीच्या दाराचा असतो.

शिरस्त्राणाची, म्हणजे हेल्मेटची, कथा लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स हे विख्यात सेनाधिकारी व लेखक मोटारसायकलीवरून जात होते. समोर सायकलीवरील दोन मुले आली. त्यांना वाचवण्याच्या प्रयत्नात लॉरेन्स फेकले गेले, आणि सहा दिवसांनी डोक्याच्या दुखापतीने त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते ४६ वर्षांचे होते. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. हा मृत्यू त्यांच्या मनातून जाईना. त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या, विशेषतः महायुद्धात सैन्याचे निरोप पोचवणाऱ्या स्वारांच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला. शिरस्त्राण घातलेल्यांच्या डोक्याची इजा सौम्य असते, असे त्यात दिसून आले. पुढे इंग्रज सैन्यात स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे झाले.

शिरस्त्राणाचे खरे काम त्याचे कठीण कवच एकटे करीत नाही. आतला थर्माकोलसारखा थर धक्क्याने चेपला जातो आणि धक्क्याचा जोर स्वतःवर घेतो. एकदा चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून जबर मार बसलेले शिरस्त्राण वरून धड दिसले तरी टाकून द्यावे लागते. हनुवटीखालचा पट्टा न बांधलेले शिरस्त्राण तर पडण्यापूर्वीच डोक्यावरून निघून जाते. भारतात आयएसआय चिन्ह असलेले शिरस्त्राण चालवणाऱ्याला व मागे बसणाऱ्यालाही सक्तीचे आहे. तरीही २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरील अपघातांत जे १,६८,४९१ लोक मरण पावले, त्यांत शिरस्त्राण न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार व सहप्रवासी होते. एखादे मोठे स्टेडियम काठोकाठ भरावे इतकी ही माणसे.

राहिली ती चाचणी. परीक्षार्थी शिकाऊ परवाना, कागदपत्रे आणि गाडी घेऊन ठरल्या दिवशी हजर होतो. मोटार वाहन निरीक्षक त्याची कागदपत्रे पाहतात आणि गाडी चालवायला सांगतात. पाय जमिनीला न टेकवता ‘आठ’ काढणे ही या चाचणीतील सर्वांना ठाऊक असलेली कसोटी. हा आठ म्हणजे आपला मराठी आठ नव्हे. दोन वर्तुळे एकमेकांना चिकटलेला इंग्रजी आठ. सुसाट गाडी पळवणारे भलेभले येथे डगमगतात, कारण संथ गाडी सावरणे हे वेगवान गाडी सावरण्यापेक्षा अवघड असते. जो पुढच्या चाकाकडे टक लावून पाहतो त्याचा पाय टेकतो. जो वळणाच्या पलीकडे नजर ठेवतो त्याचा आठ पुरा होतो. इशारे वेळेवर दिले का, वळण्यापूर्वी मागे पाहिले का, हेही निरीक्षक टिपून घेतात.

नापास झालेल्याला ७ दिवसांनी पुन्हा येता येते. उत्तीर्ण झालेल्याच्या नावाने काही दिवसांनी टपालाने एक लहानसे कार्ड येते. त्यावर त्याचे छायाचित्र असते, कोणत्या प्रकारचे वाहन चालवता येईल त्याची नोंद असते, आणि तो तिशीच्या आतला असेल तर वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंतची मुदत असते.